शंका-समाधान : कमल रणदिवे, सुपारी आणि कर्करोगाच्या कारणांचा शोध

मागील अंकात कर्करोगाची कारणे प्रयोगशाळेत कशी तपासली जातात, या विषयावरील उत्तरात डॉ. कमल रणदिवे यांचा उल्लेख ओघाने आला होता. पुण्यात ८ नोव्हेंबर १९१७ रोजी जन्मलेल्या आणि मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात आयुष्याचा मोठा काळ घालवलेल्या या संशोधिकेविषयी वाचकांनी बरीच पत्रे पाठवली. अनेक पत्रांत तीच शंका वेगवेगळ्या शब्दांत असल्याने पाच प्रश्न निवडून त्यांची उत्तरे येथे देत आहोत. पत्रे जागेअभावी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : डॉ. रणदिवे यांच्यावरील बहुतेक लेखांत, स्तनाचा कर्करोग आणि आनुवंशिकता यांचा संबंध त्यांनी सर्वप्रथम ओळखला, असे वाचायला मिळते. हे कितपत अचूक आहे? (निवृत्त शिक्षिका, पुणे)

उत्तर : हे विधान जरा आवरते घ्यावे लागेल. रणदिवे यांनी १९४९ साली मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली. उंदरांच्या चार वाणांमधील निरोगी स्तनग्रंथींच्या रचनेची तुलना, हा त्यांचा विषय होता. हे वाण मुद्दाम असे निवडले होते की, स्तनाचा कर्करोग होण्याची प्रवृत्ती एकात जास्त, तर दुसऱ्यात कमी असावी. गाठ झाल्यावर ती कापून पाहणारे संशोधक तेव्हाही पुष्कळ होते; गाठ दिसू लागण्याच्या आधी त्या ग्रंथीत काय वेगळे असते, हे पाहण्याचा हा प्रयत्न होता आणि त्या कामाचे खरे मोल तिथे आहे.

परंतु असे शुद्ध वाण, म्हणजे पिढ्यान् पिढ्या आपसातच संकर करून एकसारखे केलेले उंदीर, रणदिवे यांच्या आधीच अमेरिकेत तयार झाले होते. क्लॅरेन्स लिट्ल यांनी १९२९ साली स्थापन केलेल्या जॅक्सन प्रयोगशाळेचा तो मुख्य उद्योगच होता. त्याच प्रयोगशाळेतील जॉन बिटनर यांनी १९३६ साली दाखवले की, कर्करोगप्रवण वाणाच्या पिलांना जन्मतःच दुसऱ्या वाणाच्या मादीचे दूध पाजले तर मोठेपणी त्यांच्यात गाठी होण्याचे प्रमाण खूप घटते. दुधातून जाणारा हा घटक म्हणजे एक विषाणू होता, हे नंतर स्पष्ट झाले. आईकडून मुलीकडे जाणारी प्रत्येक गोष्ट जनुकांतूनच जाते असे नाही, हे यातून कळले आणि आनुवंशिकतेचे सोपे वाटणारे चित्र बरेच गुंतागुंतीचे झाले. रणदिवे यांनी पुढे अनेक वर्षे जे केले ते या गुंतागुंतीतच केले. वाणाची उपजत प्रवृत्ती, संप्रेरके आणि विषाणू या तिन्हींचा एकाच प्राण्यात मेळ कसा बसतो, हे त्या तपासत राहिल्या. परदेशी वाणांवर अवलंबून न राहता त्यांच्या संस्थेने उंदरांचा स्वतःचा वाणही जोपासला आणि तो संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘आयसीआरसी’ या नावाने ओळखला गेला.

माणसांमधील आनुवंशिक स्तनकर्करोगाचा धागा वेगळ्या वाटेने सापडला. मेरी-क्लेअर किंग यांनी १९९० साली त्याचा माग सतराव्या गुणसूत्रापर्यंत नेला आणि १९९४ साली बीआरसीए-१ हे जनुक वेगळे करण्यात आले. उंदरांसारखा विषाणू माणसांतही असेल का, या प्रश्नाने मात्र मुंबईला काही काळ गुंतवून ठेवले होते. पारशी स्त्रियांमध्ये या कर्करोगाचे प्रमाण अधिक दिसत असल्याने त्यांच्या दुधाची इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी झाली. रणदिवे यांच्याच संस्थेतील सत्यवती सिरसाट यांचा सहभाग असलेल्या आणि १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात त्या विषाणूसारखे दिसणारे कण आढळल्याचे नोंदवले आहे. मानवी स्तनकर्करोगाचे कारण म्हणून तो विषाणू पुढे सिद्ध झाला नाही. तेव्हा रणदिवे यांना ‘सर्वप्रथम’ हे विशेषण लावल्याने त्यांची उंची वाढत नाही. उलट त्यांनी प्रत्यक्षात केलेले अधिक अवघड काम झाकले जाते.

प्रश्न : वनस्पतिशास्त्र शिकलेली व्यक्ती कर्करोगाच्या पेशींकडे आणि तेथून तंबाखू-सुपारीच्या विषारीपणाकडे कशी वळली? कर्करोग जीवशास्त्र आणि विषशास्त्र या दोन निरनिराळ्या शाखा नाहीत का? (वाचक, सांगली)

उत्तर : रणदिवे यांचे माहेरचे आडनाव समर्थ. वडील दिनकर समर्थ फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवत असत आणि मुलीने डॉक्टर व्हावे, अशी त्यांची इच्छा होती. मुलीने वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र घेतले. पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून १९४३ साली त्यांनी पदव्युत्तर पदवी मिळवली ती सीताफळ-रामफळाच्या कुळातील गुणसूत्रांच्या अभ्यासावर. गणितज्ञ ज. त्र्यं. रणदिवे यांच्याशी १९३९ साली विवाह झाला होता. त्यानंतर मुंबईला बिऱ्हाड झाले आणि टाटा स्मारक रुग्णालयात त्या काम करू लागल्या. त्या काळी पेशीविज्ञानात नजर आणि हात तयार असलेल्या माणसाला झाडाच्या पेशीकडून प्राण्याच्या पेशीकडे वळणे आजच्याइतके परके वाटत नसे.

रुग्णालयात त्यांना मार्गदर्शक लाभले ते विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर. या प्रश्नाचे निम्मे उत्तर खानोलकरांच्या कामात आहे. भारतीयांच्या काही सवयींशी निगडित असलेल्या कर्करोगांचे वर्णन त्यांनी १९४५ साली सूर्याबाई या सहकारी महिला डॉक्टरांसमवेत प्रसिद्ध केले होते. कमरेला धोतर वर्षानुवर्षे एकाच रेषेवर घट्ट कसल्याने तेथील त्वचेत होणारा कर्करोग त्यात होता, आणि चुना-तंबाखूची चिमूट ओठाआड धरून ठेवणाऱ्यांना होणारा ओठाचा कर्करोगही होता. म्हणजे पदार्थाविषयीचा संशय आधी रुग्णालयातून आला आणि प्रयोगशाळेने तो नंतर हाती घेतला.

पीएच.डी.नंतर रणदिवे बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गाय यांच्याकडे ऊतक संवर्धन, म्हणजे शरीराबाहेर पेशी वाढवण्याचे तंत्र, शिकण्यासाठी गेल्या. प्रयोगशाळेत अखंड वाढत राहणाऱ्या मानवी पेशींची पहिली मालिका, ‘हेला’, १९५१ साली याच गाय यांच्याकडे तयार झाली. परत आल्यावर मुंबईच्या नव्या संशोधन केंद्रात रणदिवे यांनी ऊतक संवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. हे केंद्र १९५२ साली सुरू झाले. १९६६ ते १९७० या काळात त्याच्या प्रभारी संचालकपदाची जबाबदारीही त्यांच्याकडे होती.

आता शाखांविषयी. विषशास्त्रज्ञ विचारतो की पदार्थ कोणता, मात्रा किती, तो शरीरात कोणत्या वाटेने गेला आणि किती काळ जात राहिला. कर्करोगाचा जीवशास्त्रज्ञ विचारतो की ज्या पेशीवर आघात झाला ती कोणाची होती आणि तिच्यात आधीपासून काय चालले होते. कागदावर हे दोन विभाग आहेत, पण प्रत्यक्ष प्रयोगात दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर हाती नसेल तर पहिल्याचे उत्तर वाचताच येत नाही. उंदरांच्या काही वाणांना कोणताही पदार्थ न देता म्हातारपणी गाठी होतात. अशा वाणाला सुपारीचा अर्क दिला आणि दोन वर्षांनी गाठी दिसल्या, तर त्या सुपारीच्या की वाणाच्या? आपल्या उंदरांच्या प्रत्येक वाणात आपोआप होणाऱ्या गाठींचे प्रमाण ज्या प्रयोगशाळेने वर्षानुवर्षे नोंदवून ठेवले आहे, तिलाच हे सांगता येते. रणदिवे यांच्या प्रयोगशाळेकडे अशा नोंदींची शिस्त होती. सुपारीवरील त्यांच्या कामाला जो भरवसा मिळाला, त्याचा पाया मला स्तनग्रंथींवरील त्या जुन्या आणि वरवर असंबद्ध वाटणाऱ्या कामात दिसतो.

प्रश्न : आमच्या श्रीवर्धन भागात पिढ्यान् पिढ्या सुपारीच्या बागा आहेत. तंबाखू वाईट, हे मान्य. परंतु सुपारीला तिच्या पंक्तीला बसवणे अन्यायाचे नाही का? उंदराला अवाढव्य मात्रेत अर्क पाजून काढलेला निष्कर्ष जेवणानंतर एक खांड खाणाऱ्या माणसाला कसा लागू पडतो? (बागायतदार, रायगड जिल्हा)

उत्तर : प्रश्न रास्त आहे आणि संशोधकांनीही तो बराच काळ स्वतःला विचारला. विड्यात पान, चुना, कात, सुपारी आणि पुष्कळदा तंबाखू इतके सगळे एकत्र असते. त्रावणकोरमधील विडा खाणाऱ्यांमध्ये तोंडाचा कर्करोग अधिक आढळतो, हे १९३३ सालीच वैद्यकीय नियतकालिकात नोंदवले गेले होते. पण त्यातील दोषी कोण, हे माणसांच्या पाहणीतून वेगळे काढणे कठीण होते, कारण विडा खाणारे बहुतेक लोक तंबाखूही घालत. स्वाभाविकपणे सगळा ठपका तंबाखूवर गेला आणि सुपारी बाजूला राहिली.

घटक सुटे करून तपासता येणे, हाच प्राण्यांवरील प्रयोगांचा फायदा. रणदिवे, गोठोसकर आणि सहकाऱ्यांनी १९७६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात उंदीर आणि हॅमस्टर (उंदरासारखा एक छोटा प्राणी) वापरले. हॅमस्टरच्या गालात आतल्या बाजूला धान्य साठवण्याची पिशवी असते. तिच्या अस्तरावर पदार्थाचा अर्क लावता येतो, ती बाहेर ओढून पुन्हा पुन्हा पाहता येते, आणि गालफडात विडा धरून ठेवणाऱ्या माणसाच्या तोंडाशी ही पद्धत पुष्कळ अंशी जुळते. त्यामुळे अवाढव्य मात्रा पाजण्याचा आक्षेप निदान या प्रयोगाला तितकासा लागू होत नाही. तंबाखूशिवाय केवळ सुपारीचा अर्क लावूनही त्या पिशवीत गाठी झाल्या, हा या अभ्यासाचा मुख्य निष्कर्ष होता. सुमती भिडे, रणदिवे आणि सहकाऱ्यांनी १९७९ साली विड्याचे घटक उंदरांना वेगवेगळे दिले, तेव्हा सुपारीच्या अर्काने गाठी झाल्या, पानाच्या अर्काने झाल्या नाहीत. विड्याच्या पानावर भिडे यांच्या गटाने पुढेही काम केले आणि त्यातील हायड्रॉक्सिचॅविकॉल हा घटक जिवाणूंवरील चाचणीत उत्परिवर्तनाला, म्हणजे जनुकांतील बदलाला, उलट अटकाव करतो, असे १९८६ साली दाखवले. पानमळेवाल्यांना यात समाधान वाटेल; सुपारीच्या बागायतदारांना मात्र तसे सांगता येत नाही.

येथे एक खुलासा करायला हवा. मुंबईच्या प्रयोगांनी सुपारी माणसाला घातक असल्याचे एकट्याने सिद्ध केले, असे म्हणणे बरोबर होणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८५ साली सर्व पुरावा तपासला, तेव्हा तंबाखू घातलेला विडा कर्करोगजनक ठरवला, परंतु तंबाखूविरहित विड्याविषयी मानवी पुरावा अपुरा आहे, असा निर्णय दिला. दरम्यान तैवानमधून माहिती येऊ लागली. तेथे विडा खाणारे लोक त्यात तंबाखू घालत नाहीत; तरीही तोंडाचा कर्करोग त्यांच्यात जास्त होता. त्याच संस्थेची २००३ साली पुन्हा बैठक झाली आणि पुढच्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या तिच्या ग्रंथात सुपारीलाच, तंबाखू असो वा नसो, माणसात कर्करोग उत्पन्न करणाऱ्या पहिल्या गटात ठेवण्यात आले. हॅमस्टरच्या गालातील गाठींपासून तेथपर्यंत पोहोचायला पाव शतकाहून अधिक काळ गेला. हा उशीर अनेकांना खटकतो. मला तो फारसा खटकत नाही, कारण प्राण्यांवरील पुराव्यावर थांबून निर्णय केला असता तर तुमचा हाच आक्षेप आज अधिक बळकट ठरला असता.

प्राण्यांवरील पुरावा फसवू शकतो, हेही खरे आहे. सॅकरिनमुळे उंदरांच्या मोठ्या जातीत मूत्राशयात गाठी झाल्या, म्हणून १९७० च्या दशकात मोठे वादळ उठले. परंतु त्या गाठी ज्या प्रक्रियेने होतात ती त्या प्राण्यापुरतीच आहे, असे पुढे दिसून आले आणि २००० साली अमेरिकेने सॅकरिन संशयित पदार्थांच्या यादीतून काढले. उलट आर्सेनिकमुळे माणसाला कर्करोग होतो हे फार पूर्वीपासून माहीत असूनही प्रयोगशाळेतील प्राण्यांत तो घडवून दाखवणे बराच काळ जमत नव्हते. म्हणून प्राणी, पेशी, रसायन आणि माणसांची पाहणी या चारही दिशांनी येणारा पुरावा एकमेकांशी जुळतो का, हे पाहावे लागते. सुपारीच्या बाबतीत तो जुळतो. तिच्यातील अरेकोलिन या द्रव्यापासून तोंडातच नायट्रोसामीन प्रकारची कर्करोगजनक संयुगे बनू शकतात, चुन्यामुळे सुपारीतील पॉलिफेनॉलपासून पेशींना इजा करणारे क्रियाशील ऑक्सिजनचे रेणू तयार होतात, आणि ज्या विकारात गालाचे आतले अस्तर दोरीसारखे ताठ होऊन तोंड उघडेनासे होते तो विकार सुपारी खाणाऱ्यांतच आढळतो. कर्करोगाची शक्यता वाढवणारा म्हणून त्या विकाराची दंतवैद्यांना चांगली ओळख आहे.

जेवणानंतरच्या एका खांडाविषयी : जोखीम मात्रेवर आणि काळावर अवलंबून असते, त्यामुळे कधीमधी खाणारा आणि दिवसभर गालात तोबरा धरून बसणारा यांची जोखीम सारखी नाही. मात्र अमुक मात्रेपर्यंत सुपारी निर्धोक, अशी मर्यादारेषा कोणी आखून दिलेली नाही. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. त्या निमित्ताने सगळी चर्चा तंबाखूभोवती फिरते आणि तंबाखूविरहित पुडीवर लोक निश्चिंत होतात, हे या संशोधनाच्या अगदी विरुद्ध आहे. बागायतदाराच्या उपजीविकेचा प्रश्न खरा आहे, पण त्याचे उत्तर शेती आणि बाजारपेठेच्या धोरणात शोधावे लागेल. गाठींच्या नोंदीत ते सापडणार नाही.

प्रश्न : रणदिवे यांनी कुष्ठरोगावर लस शोधली, असे वाचले. कर्करोगाच्या संस्थेत कुष्ठरोग कसा? (विद्यार्थी, नाशिक)

उत्तर : ऊतक संवर्धनाच्या वाटेने. कुष्ठरोगाचा जंतू कृत्रिम माध्यमावर वाढत नाही. आजही त्याला तसे वाढवता आलेले नाही. पेशींच्या सोबतीने तो वाढेल, या अपेक्षेने बापट, रणदिवे आणि खानोलकर यांनी रुग्णांच्या ऊतकातून एक जंतू वाढवला आणि १९५८ साली त्याची नोंद केली. हा खरोखर कुष्ठरोगाचाच जंतू आहे का, यावर पुढे वाद झाला आणि तो मायकोबॅक्टेरिया या कुष्ठरोग-क्षयाच्या जंतूंच्या कुळातील, पण वेगळ्या गटातील असल्याचे मानले गेले. तरीही प्रतिकारशक्तीच्या दृष्टीने त्याचे कुष्ठरोगाच्या जंतूशी साम्य होते. त्या आधारावर लस तयार केली ती म. ग. देव आणि सहकाऱ्यांनी, आणि दक्षिण भारतातील मोठ्या तुलनात्मक चाचणीत तिची परिणामकारकता सुमारे ६५ टक्के असल्याचे १९९८ साली प्रसिद्ध झाले. तेव्हा लस रणदिवे यांची, असे म्हणू नये. ज्या जंतूपासून ती झाली तो जंतू वाढवण्यात त्यांचा वाटा होता.

प्रश्न : माझी मुलगी जैवरसायनशास्त्रात एम.एस्सी. करत आहे आणि तिला याच क्षेत्रात संशोधन करायचे आहे. मार्ग कोणता, आणि घरसंसार सांभाळून हे जमते का? (गृहिणी, सोलापूर)

उत्तर : दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो. रणदिवे आणि त्यांच्या सहकारी महिलांनी १९७३ साली भारतीय महिला शास्त्रज्ञांची संघटना स्थापन केली. वाशी येथील तिच्या वास्तूत नोकरदार स्त्रियांसाठी वसतिगृह आणि मुलांसाठी पाळणाघर आहे. सभा-संमेलने भरवणाऱ्या संघटना पुष्कळ असतात. पाळणाघर काढणाऱ्या शास्त्रज्ञांना अडचण नेमकी कोठे आहे हे स्वतःच्या अनुभवातून ठाऊक होते, असे म्हणावे लागते. पेशींना रविवार कळत नाही आणि उंदरांवरील दीर्घ प्रयोग दोन वर्षे चालतो, त्यामुळे घरच्यांचा हातभार नसेल तर या कामात ओढाताण होते. हे मुलीइतकेच तिच्या भावी सासरच्यांनाही आधी सांगून ठेवावे.

मार्गाविषयी : रणदिवे यांची संस्था आता टाटा स्मारक केंद्राचा भाग असून तिचे काम खारघर येथील संशोधन केंद्रात चालते. तेथील पीएच.डी. होमी भाभा राष्ट्रीय संस्थेची असते. विषशास्त्राकडे अधिक ओढा असेल तर लखनौची भारतीय विषविज्ञान अनुसंधान संस्था आणि व्यवसायजन्य आजारांसाठी अहमदाबादची राष्ट्रीय संस्था, ही दोन नावे ध्यानात ठेवावीत. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद, जैवतंत्रज्ञान विभाग आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद यांच्या संशोधनवृत्तीच्या परीक्षांपैकी किमान दोन तिने द्याव्यात. औषधे आणि कीटकनाशके तपासणाऱ्या खासगी प्रयोगशाळांतही काम मिळते. तेथे नवा शोध लावण्यापेक्षा ठरलेली चाचणी निर्दोषपणे करण्याला महत्त्व असते. अशा चाचण्यांतील सर्वांत परिचित चाचणी बर्कलेच्या ब्रूस एम्स यांनी १९७३ साली पूर्णत्वाला नेलेली आहे. तिच्यात साल्मोनेला जिवाणूंना उंदराच्या यकृताच्या अर्कासह संशयित पदार्थ देतात आणि उत्परिवर्तन झालेल्या जिवाणूंच्या वसाहती मोजतात. ती दोन-तीन दिवसांत उत्तर देते, स्वस्त आहे आणि महाविद्यालयीन प्रयोगशाळेतही शिकता येते. ॲस्बेस्टॉससारखे काही निर्विवाद कर्करोगजनक पदार्थ मात्र या चाचणीत सापडत नाहीत. ते का सापडत नाहीत, याचा विचार तिने मुलाखतीला जाण्यापूर्वी अवश्य करावा, कारण जनुकाला थेट धक्का न लावता कर्करोग कसा होऊ शकतो, हा प्रश्न तिला तेथे हमखास विचारला जाईल.

अर्ज करताना संस्थेच्या नावापेक्षा मार्गदर्शकाचे अलीकडचे शोधनिबंध वाचून निवड करावी. प्राण्यांवरील काम असेल तर प्राणिगृह प्रत्यक्ष पाहण्याची विनंती करावी, आणि तेथे ठेवलेल्या वाणांत आपोआप होणाऱ्या गाठींच्या जुन्या नोंदी उपलब्ध आहेत का, हे विचारावे. ज्या मार्गदर्शकाला या प्रश्नाचे उत्तर लगेच देता येते, त्याच्याकडे जागा मिळत असेल तर ती घ्यावी.